मोटारगाडीतील नियंत्रकांचे संदेशवहन व दोषनिदान

मोटारगाडीतील एंजिन, गतिरोधक, सुरक्षा-वायुपिशव्या इत्यादींचे नियमन करणाऱ्या इलेक्ट्रॉनीय एककांना नियंत्रक म्हणतात. हे नियंत्रक परस्परांना सतत माहिती पुरवितात. या देवघेवीत खंड पडल्यास त्याचे स्थान व कारण शोधून काढणे म्हणजे संदेशवहनाचे दोषनिदान होय. या तंत्राचे टप्पे नासिकच्या मोटार उद्योगात स्पष्टपणे दिसून येतात.

पूर्वपीठिका : बंगलोर येथे १९५१ साली स्थापन झालेल्या मोटार इंडस्ट्रीज कंपनीने (मायको) १९७० च्या सुमारास नासिकला सातपूर येथे कारखाना उभारला. जर्मनीतील बॉश उद्योगसमूहाशी संलग्न असलेली ही कंपनी तेथे डीझेल एंजिनांची नोझले व अंतःक्षेपक तयार करू लागली. त्या काळी इंधनाच्या अंतःक्षेपणाचे नियमन पूर्णपणे यांत्रिक असे. एंजिनाचा आवाज, धुराचा रंग व इंधनाचा दाब यांवरून कुशल कारागीर दोष ओळखीत. विजेचे काम दिवे, आरंभक व घटमाला यांपुरते मर्यादित असल्याने साधा परीक्षण-दिवा त्यास पुरेसा होई.

समाईक संदेशवाहिनीचा उदय : इलेक्ट्रॉनीय नियंत्रकांची संख्या वाढू लागली, तसा प्रत्येक संकेतासाठी स्वतंत्र तार टाकण्याच्या पद्धतीने तारांचा भार व खर्च वाढत गेला. यावर उपाय म्हणून बॉश कंपनीत १९८३ मध्ये संशोधन सुरू झाले. त्यातून निर्माण झालेली ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ (कॅन) ही पद्धती फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील डिट्रॉइट येथे मांडण्यात आली. १९९३ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे स्वरूप मिळाले.

या पद्धतीत पिळलेल्या दोन तारांवर सर्व नियंत्रक जोडलेले असतात. वाहिनी निवांत असताना दोन्ही तारांवर सु. २·५ व्होल्ट दाब असतो. संकेत जाताना एकीवर तो सु. ३·५, तर दुसरीवर सु. १·५ व्होल्ट होतो. बाह्य विद्युत् गोंगाटाचा परिणाम दोन्ही तारांवर सारखाच होत असल्याने त्यांच्या दाबांतील फरक शाबूत राहतो. दोन नियंत्रक एकाच वेळी बोलू लागल्यास अधिक अग्रक्रमाचा संदेश पुढे जातो व दुसरा थांबतो.

नासिकमधील स्थित्यंतर : महिंद्र अँड महिंद्र कंपनीची २००२ साली बाजारात आलेली ‘स्कॉर्पिओ’ ही गाडी नासिकच्या कारखान्यात तयार होऊ लागली. २००५ च्या सुमारास तिच्यात इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाचे, समाईक इंधननलिकेचे डीझेल एंजिन आले. सातपूरच्या कारखान्याची मूळ कंपनी २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाली. यांत्रिक अंतःक्षेपकांवर हात बसलेल्या शहरातील कारागिरांपुढे आता संगणकीय परीक्षण-यंत्र आले. भारत स्टेज ४ मानकांखाली गाडीतच दोष नोंदविणारी यंत्रणा १ एप्रिल २०१० पासून, तर तिचे अधिक विस्तृत रूप १ एप्रिल २०१३ पासून आवश्यक ठरले.

निदानाची रीत : परीक्षण-यंत्र १६ पिनांच्या जोडणीतून दोषसंकेतांक वाचते, कॅनच्या तारा बहुधा ६ व १४ क्रमांकांच्या पिनांवर असतात. ‘यू ०१००’ हा संकेतांक एंजिन-नियंत्रकाशी संपर्क तुटल्याचे दर्शवितो. मात्र ही तक्रार इतर नियंत्रकांनी नोंदविलेली असते. त्यामुळे एंजिन-नियंत्रकच नादुरुस्त आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. जळालेला फ्यूज, सैल भूजोडणी, पावसाचे पाणी शिरून गंजलेली पिन किंवा उंदराने कुरतडलेली तार हेही कारण असू शकते. म्हणून प्रथम नियंत्रकाचा वीजपुरवठा व भूजोडणी तपासतात.

नंतर घटमाला सोडवून दोन तारांमधील रोध मोजतात. वाहिनीच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक समांतर जोडलेला असल्याने निर्दोष वाहिनीत ६० ओहम मिळतात. १२० ओहम मिळाल्यास एका टोकाचा रोधक तुटलेला असतो; शून्याजवळचे मूल्य दोन तारा परस्परांस चिकटल्याचे सुचविते. असा मंडलसंक्षेप एखाद्या नियंत्रकाच्या आत झाला असेल, तर नियंत्रक एकेक करून सोडवीत गेल्यास दोषी एकक वेगळे काढताच वाहिनी पूर्ववत होते. अलीकडच्या अनेक गाड्यांत जोडणी व वाहिनी यांमध्ये मध्यस्थ नियंत्रक असतो. तेथे हे मापन वाहिनीवरच करावे लागते.

सामाजिक बाजू : दोषाचे ज्ञान ज्याच्या हाती, त्याच्याच हाती दुरुस्ती, अशी स्थिती या तंत्राने निर्माण केली. उत्पादकाची परीक्षण-यंत्रे व तारजोडणीचे आराखडे न मिळाल्यास स्वतंत्र कारागीर तर्काने महाग नियंत्रक बदलू लागतो व भुर्दंड गाडीमालकास बसतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांविरुद्ध निर्णय देताना सुटे भाग व निदान-साधने स्वतंत्र दुरुस्तिगृहांना उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. हा निर्णय पुढे अपिलात गेला. केंद्र शासनाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली. मोजमापाची साधी साधने व वाहिनीच्या कार्याचे यथार्थ ज्ञान यांमुळे बरेच दोष लहान दुरुस्तिगृहातही शोधता येतात. मात्र नवा नियंत्रक गाडीशी जुळवून घेण्यासाठी उत्पादकाच्या माहितीवाचून चालत नाही, आणि या व्यवसायाचे भवितव्य त्या माहितीच्या खुलेपणावर अवलंबून आहे.