सूर मारणारे बाँबफेकी विमान व हैदराबादचे नाव

शस्त्राचा इतिहास केवळ त्याच्या रचनेचा नसतो. ते कोठे व कोणाच्या नावाने वापरले गेले, हेही पाहावे लागते. हेर्मान पोलमान यांनी रचलेले जर्मन ‘युंकर्स ८७’ १९३५ साली प्रथम उडाले. उभा सूर मारून ते अचूक बाँब टाकी. १९४० साली फ्रान्समध्ये त्याने दरारा बसविला; पण वेग कमी असल्याने त्याच ऑगस्टमध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांपुढे त्याची मोठी हानी झाली.

त्याच्या यशाने प्रभावित होऊन ब्रिटनने अमेरिकेकडून ‘व्हेंजन्स’ विमाने घेतली. सुरात विमान लक्ष्यरेषेवरून ढळू नये म्हणून त्याचे पंख शून्य अंशात बसविलेले होते. परिणामी सरळ उड्डाणात नाक वर राहून वैमानिकाची दृष्टी अडे. तरीही १९४३-४४ मध्ये ब्रह्मदेशात, शत्रूचा हवाई प्रतिकार क्षीण असल्याने, ते उपयुक्त ठरले.

ते वापरणारी ११० क्रमांकाची ब्रिटिश तुकडी ‘हैदराबाद’ नावाची होती. १९१८ साली निजामाच्या देणगीतून तिला विमाने मिळाली होती. वसमत तेव्हा त्याच संस्थानच्या परभणी जिल्ह्यात होते. १९४८ पर्यंत जबाबदार राज्यपद्धती न लाभलेल्या तेथील प्रजेला, आपल्या संस्थानचे नाव कोणत्या युद्धात जावे, हे ठरविण्याचा अधिकार नव्हता.