महाड नगरपालिकेचे दोन ठराव

महाडचा इतिहास आपल्याकडे बहुधा २० मार्च १९२७ या दिवसापासून सांगितला जातो. परिषदेतून उठलेला समुदाय चवदार तळ्याकडे चालत गेला, बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले आणि शतकानुशतके मुका राहिलेला समाज आपल्या माणूसपणाची ग्वाही देत उभा राहिला. हे सारे खरे आहे आणि ते पुन:पुन्हा सांगितलेही पाहिजे. परंतु या इतिहासाची एक बाजू नगरपालिकेच्या दप्तरात आहे, तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्या तळ्यावर हा समुदाय गेला, ते तळे नगरपालिकेच्या ठरावाने तीन वर्षांपूर्वीच सर्वांना खुले झाले होते. आणि ज्या नगरपालिकेने ते खुले केले, तिनेच पुढे साडेचार महिन्यांनी आपला ठराव मागे घेतला. संस्था तीच, तळे तेच, आणि ठराव मात्र परस्परविरुद्ध. हे कसे घडले, याचा विचार कार्यकर्त्याने आणि विद्यार्थ्याने केला पाहिजे. कारण नगरपालिकेच्या दारात आपण आजही उभे आहोत.

१

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात एक ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालविले जाणारे, अथवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा त्याचा आशय होता. ठराव मंजूर झाला. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने त्यावर आपला हुकूम काढला. सरकारी खात्यांनी ठराव आपापल्या कक्षेत अंमलात आणावा, असे हुकमात होते; पण नगरपालिका आणि लोकल बोर्ड यांच्या बाबतीत भाषा एकदम मवाळ झाली. ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे की काय याचा विचार करण्याचा सल्ला कलेक्टरांनी त्यांना द्यावा, एवढेच सरकारने म्हटले.

या शब्दयोजनेत पुढच्या साऱ्या घोटाळ्याचे बीज आहे. बहुतेक पाणवठे नगरपालिका आणि बोर्डे यांच्याच ताब्यात होते. म्हणजे प्रत्यक्ष पाण्याचा प्रश्न जिथे होता, तिथे हुकूम नव्हता, सल्ला होता. आणि सल्ला कुणाला? १८८२ साली रिपनने ज्या स्थानिक स्वराज्याचा पुरस्कार केला, त्यातला मतदार हा कर भरणारा आणि मालमत्ता बाळगणारा माणूस होता. गावकुसाबाहेर राहणाऱ्याजवळ ना घर नावावर, ना दुकान, ना मत. ज्यांना पाणी हवे होते ते मतदार नव्हते, आणि जे मतदार होते त्यांच्या अंगणात तळे होते. अशा स्थानिक स्वराज्यात ‘स्व’ कोण होता, हे वेगळे सांगायला नको.

तरीही महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. हे तिला भूषणावह होते. महाडमध्ये त्या काळी सुधारणेचा एक प्रवाह होता. नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस हे त्यातले अग्रणी होते. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण या ठरावाने महाडमधल्या कुठल्याही स्पृश्य घराचे त्या दिवशी काहीच बिघडले नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. तळ्याच्या काठी स्पृश्यांची वस्ती होती. तिथपर्यंत जायचे तर त्यांच्या घरांवरून जायचे, त्यांच्या नजरांना तोंड द्यायचे. अस्पृश्य तिकडे फिरकले नाहीत. तीन वर्षे ठराव दप्तरात आणि पाणी तळ्यात राहिले. बोले यांनी १९२६ साली विधिमंडळात दुसरा ठराव आणला. जी नगरपालिका किंवा बोर्ड आधीचा ठराव अंमलात आणणार नाही तिचे अनुदान बंद करावे, असा तो होता. आपल्या पहिल्या ठरावाची स्थानिक संस्थांनी काय गत केली, याचा त्यांना आलेला अनुभव या दुसऱ्या ठरावातून स्पष्ट दिसतो.

२

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली ती १९ आणि २० मार्च १९२७ रोजी. रामचंद्र बाबाजी मोरे, संभाजी तुकाराम गायकवाड यांसारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून लोक जमवले होते. अनंतराव चित्रे, बापूसाहेब सहस्रबुद्धे हे स्पृश्य सहकारीही बरोबर होते. परिषदेला आलेल्या लोकांची तहान भागवण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, अशी नोंद धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. ज्या शहराच्या नगरपालिकेने तळे खुले केले होते, त्याच शहरात हे घडत होते. १९२४ च्या ठरावाचा प्रत्यक्ष अर्थ काय होता, हे सांगायला हा एकच तपशील पुरेसा आहे.

मेलेल्या जनावरांचे मांस खाणे सोडावे, स्पृश्यांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत, अस्पृश्यांना त्यांचे नागरी हक्क मिळवून देण्यास स्पृश्यांनी हातभार लावावा, असे ठराव परिषदेने केले. मग लोक उठले आणि तळ्यावर गेले. नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी नगरपालिकेने केली नाही. ती या लोकांनी केली. ठरावाला पाय फुटले ते त्या दिवशी.

आणि त्याच दिवशी ठरावाची किंमत महाडच्या स्पृश्यांना प्रथम कळली. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी हूल उठवली गेली. परतीच्या वाटेला लागलेल्या, जेवणाला बसलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. हल्ल्याबद्दल पुढे जूनमध्ये पाच जणांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. दरम्यान शेणगोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. अहिंदूंनी त्या तळ्याचे पाणी घेतले तर ते बाटत नसे, जनावरांनी प्यायले तरी बाटत नसे. ते बाटले ते फक्त हिंदू म्हणवल्या जाणाऱ्या अस्पृश्यांच्या ओंजळीने.

४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांचा मूळ ठराव बरोबर चार वर्षांपूर्वी, ४ ऑगस्टलाच आला होता. योगायोग असेल, पण चार वर्षांत महाडच्या अस्पृश्यांना कागदावर जे मिळाले होते, तेही त्या दिवशी गेले. १९२४ मध्ये ठराव करणे सोपे होते, कारण तो वापरला जाणार नाही असे सर्वांनी मनात धरले होते. तो वापरला गेल्याबरोबर नागरिकांची ‘चिंता’ जागी झाली, आणि नगरपालिका आपल्या मतदारापुढे वाकली. लोकनियुक्त संस्थेने लोकांचे ऐकायचे असते, असे कुणी म्हणेल. आम्हीही तेच म्हणतो. आमचा प्रश्न एवढाच आहे की, पाणी विकत घेऊन पिणारी ती हजारो माणसे लोकांत मोडत होती की नव्हती?

ज्योतिराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो हौद त्यांच्या स्वत:च्या मालकीचा होता. बंद ठेवला असता तर कुठल्याही कायद्याने त्यांना अडवले नसते. इकडे महाडला ज्यांची मालकी नव्हती त्यांनी सार्वजनिक तळे बंद केले. एका माणसाची नीती आणि एका संस्थेची नीती यांतले हे अंतर आहे.

३

ठराव रद्द झाल्यावर सत्याग्रहाची घोषणा झाली. २५ डिसेंबर १९२७ हा दिवस ठरला. १२ डिसेंबरला स्पृश्यांनी महाडच्या दिवाणी कोर्टात बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला, आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दाव्यातले म्हणणे मासलेवाईक होते. तळे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे! खाजगी तळे खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ साली कसा केला, आणि तो रद्द तरी कशासाठी केला, हे प्रश्न त्यांनी स्वत:ला विचारले नव्हते.

डिसेंबरच्या सभेला मंडपासाठी गावात जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. तिथे जमलेल्या समुदायापुढे बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेचा दाखला दिला. आपण केवळ पाण्यासाठी जमलेलो नाही, समतेची मुहूर्तमेढ रोवण्यासाठी जमलो आहोत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. त्याच दिवशी रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. नगरपालिकेची सभा आणि ही सभा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. एका सभेत थोडे सभासद होते, कायद्याचा अधिकार होता, आणि त्यांनी हक्क काढून घेतला. दुसऱ्या सभेत हजारो माणसे होती, अधिकार काहीच नव्हता, आणि त्यांनी नागरिक म्हणजे काय याची व्याख्या केली. लोकशाही यांपैकी कोणत्या सभेत होती?

मनाई हुकमाचा मान राखून सत्याग्रह तहकूब झाला. लोक मिरवणुकीने तळ्याला वळसा घालून परतले. त्यानंतर लढाई कोर्टात गेली. खालच्या कोर्टाने दावा १९३१ साली फेटाळला, ठाण्याच्या कोर्टाने १९३३ साली अपील फेटाळले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी शेवटचा निकाल दिला. तळ्यावर चालून गेल्याला दहा वर्षे पुरी होण्यास तीन दिवस कमी होते.

या निकालाचा आपण गौरव करतो, आणि तो योग्यच आहे. पण तो बारकाईने वाचला पाहिजे. माणसाला पाण्यापासून तोडणे अन्यायाचे आहे म्हणून हा निकाल लागला नाही. वादींना आपली अनादि वहिवाट शाबीत करता आली नाही म्हणून लागला. तळ्याभोवती स्पृश्यांची घरे उभी राहण्यापूर्वी पाण्यावर एकट्याचा हक्क सांगण्याचा कुणी प्रयत्न केला असेल हे संभवत नाही, असे कोर्टाला वाटले. वहिवाट शाबीत झाली असती, तर ती न्याय्य आहे की नाही आणि तळे नगरपालिकेकडे आल्याचा परिणाम काय, या प्रश्नांचा विचार करावा लागला असता. पण ती वेळ आली नाही. म्हणजे अन्यायाचा पुरावा अधिक जुना मिळता, तर लढाई अधिक अवघड झाली असती. रूढीच्या कायद्याची ही गोम बाबासाहेबांसारख्या कायदेपंडिताला कळली नसेल, असे संभवत नाही.

म्हणूनच १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेतले पंधरावे कलम महाडच्या प्रकाशात वाचावे. राज्याच्या निधीतून पूर्णत: वा अंशत: राखलेल्या, किंवा सर्वसाधारण जनतेसाठी असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराला जात, धर्म वगैरे कारणांनी आडकाठी करता येणार नाही, असे ते सांगते. बोले यांच्या ठरावातली कल्पना इथे ओळखू येते. फरक असा की, १९२३ साली जो नगरपालिकेला सल्ला होता, तो आता तिच्यावर बंधन झाला. तिच्या सभेत बहुमत कुणाचे आहे यावर पाणी अवलंबून राहिले नाही. मूलभूत हक्क बहुमताच्या पलीकडे का ठेवावे लागतात, हे विद्यार्थ्यांना शिकवायचे असेल, तर शिक्षकाने ५ जानेवारी १९२४ आणि ४ ऑगस्ट १९२७ या दोन तारखा फळ्यावर लिहाव्यात.

४

आज परिस्थिती बदलली आहे. प्रौढ मतदान आले. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखल्या गेल्या. ज्या सभागृहात आपल्याविषयी ठराव होत असत, तिथे आपली माणसे बसू लागली. हे थोडे नव्हे. पण महाडचा धडा एवढ्याने संपत नाही. वस्तीला नळ द्यावा, गटार बांधावे, स्मशानाकडे रस्ता करावा, असे ठराव आजही होतात. टाळ्या पडतात, फोटो निघतात, आणि ठराव दप्तरात जातो. उलट, वस्ती उठवण्याचा ठराव असला की त्याला अंमलदार, पोलीस आणि यंत्रे लगेच मिळतात. कुठला ठराव चालतो आणि कुठला झोपतो, यावरून नगरपालिका कुणाची आहे ते ओळखावे.

म्हणून कार्यकर्त्याने ठराव मंजूर झाला म्हणून समाधान मानू नये. त्यासाठी अंदाजपत्रकात पैसा धरला का, काम कुणाकडे दिले, मुदत कोणती, हे त्याच बैठकीत विचारावे. ठरावाच्या विरुद्ध कोण बोलले आणि कोण गप्प बसले, याची नोंद ठेवावी. गप्प बसणारेच पुढे ठराव रद्द करायला हात वर करतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मिळालेला हक्क वापरावा, लगेच वापरावा, सर्वांनी मिळून वापरावा. महाडचा १९२४ चा ठराव तीन वर्षे कुणी रद्द केला नाही, कारण तो कुणी वापरला नव्हता. तो वापरला गेला तेव्हा नगरपालिकेने तो मोडला. पण वापरणाऱ्यांनी मागे फिरायला नकार दिला, म्हणून पुढे कोर्टाला आणि शेवटी देशाच्या घटनेला त्याची दखल घ्यावी लागली.