ठासणीच्या बंदुकीची गवसणी

'आकाशाला गवसणी घालणे' हा वाक्प्रचार आपण दरवर्षी वर्गात शिकवतो. पण गवसणी म्हणजे काय, असे एखाद्या मुलाने विचारले तर थोडी पंचाईत होते. तंबोऱ्याला घालतात ती कापडी खोळ, एवढे फार तर आठवते. बंदुकीलाही गवसणी असे, हे आता जवळजवळ विस्मरणात गेले आहे.

मला ते आठवले एका तक्रारीमुळे. बोईसरजवळ राहणाऱ्या माझ्या एका शिक्षक मित्राच्या घरी आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे. रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी घेतलेली, रीतसर परवान्याची. जुनी गवसणी फाटली म्हणून त्यांनी मुंबईहून आत जाड स्पंज असलेली रेक्झिनची पेटी आणली. जूनमध्ये बंदूक पेटीत गेली. दसऱ्याला पूजेसाठी पेटी उघडली, तर नळीभर तांबडा गंज! "अहो, पेटी तर अगदी घट्ट बंद होती," असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. माझे संशोधन धातूंच्या गंजण्यावर, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

ठासणीची बंदूक म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायची बंदूक. आपल्या किनाऱ्याने ती भरपूर पाहिली आहे. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांचा तारापूरचा किल्ला घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. पुढे मे महिन्यात वसई पडली, म्हणजे पावसाच्या तोंडावर. त्या काळच्या मोहिमा दसऱ्यानंतर निघत याची मुख्य कारणे नद्यांचे पूर आणि चिखल ही होती हे खरे. पण तोड्याच्या बंदुकीत जळता तोडा आणि उघड्या कानाजवळची रंजक पावसात टिकणार कशी, हाही प्रश्न होताच.

बंदुकीचे आवरण कसे असावे हे तिच्या बांधणीवर ठरत गेले. देशी बंदुकीची लांब नळी लाकडी दस्त्याला चामड्याच्या वाद्यांनी किंवा धातूच्या पट्ट्यांनी आवळलेली असे. प्रवासासाठी ती सुटी करण्याची सोय नव्हती. म्हणून तिला लांब, मऊ खोळच योग्य. इंग्रजी शिकारी बंदुकीची नळी मागे आकड्यात अडकवून पुढे पाचर मारलेली असे. पाचर काढली की नळी हातात येई. त्यामुळे तिच्यासाठी नळीच्या लांबीची, आतून बनात लावलेली आखूड लाकडी पेटी पुरे. १८५३ च्या नमुन्याची लष्करी एन्फिल्ड बंदूक मात्र सुमारे १४० सेंटिमीटर लांब आणि नळी तीन पट्ट्यांनी बसवलेली. अमेरिकेच्या यादवी युद्धात इंग्लंडहून अशा बंदुका एका खोक्यात २० याप्रमाणे भरून जात.

आता लाकडाकडे वळू. इंग्लंडमध्ये ओक हे प्रतिष्ठेचे लाकूड. पण ओकमधून ॲसेटिक आम्लाची वाफ सतत थोडीथोडी सुटत असते. बंद पेटीत ती साठते आणि शिशाच्या गोळ्यांवर पांढरा थर चढतो, लोखंडही खराब होते. तेलकट सागवान याबाबतीत बरेच सौम्य. १८६० साली पाण्यात उतरलेल्या 'वॉरियर' या इंग्लिश युद्धनौकेच्या साडेचार इंची लोखंडी चिलखतामागे १८ इंच जाडीचे सागवान बसवले होते, हे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मित्राच्या पेटीत ओक नव्हता, मग बिघडले कुठे? पहिले कारण मीठ. प्रत्येक विद्राव्य क्षाराची एक आर्द्रता-मर्यादा असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता तिच्यावर गेली की क्षार हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळतो. साध्या मिठासाठी ती सुमारे ७५ टक्के आहे. आपल्याकडे समुद्राच्या वाऱ्याबरोबर मीठ घरात येतेच आणि पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ या मर्यादेच्या वर असते. बंदुकीच्या दारूतील शुद्ध सोऱ्याची मर्यादा ९० टक्क्यांच्याही वर आहे, म्हणूनच तो दारूसाठी चालतो. पण दारू जळल्यावर मागे राहणाऱ्या काजळीत पोटॅशियम कार्बोनेट असते, आणि त्याची मर्यादा अवघी ४३ टक्के! म्हणजे न धुतलेली नळी आपल्या हवेत जवळजवळ बाराही महिने आतून ओलीच. लोखंडाला पाणी वर्ज्य असे आपण शिकवतो, तरी ही बंदूक आधी गरम पाण्यानेच धुवावी लागते. क्षार तेलात विरघळत नाहीत. धुऊन, पूर्ण वाळवून मगच तेल.

दुसरे कारण दव. जूनमधली ३० अंश सेल्सिअसची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा पेटीत कोंडली. ती २७ अंशांपर्यंत थंड झाली की लोखंडावर दव धरू लागते. हे पाणी स्पंजाने टिपले आणि नळीला लावून धरले. घट्ट झाकणाने बाहेरचा ओलावा अडवला नाही, आतला कोंडला.

आजोबांची बंदूक मात्र सुती गवसणीत, चुलीच्या खोलीत खुंटीला टांगलेली असे. २७ अंशांची ९० टक्के आर्द्र हवा चुलीच्या उबेने ३२ अंशांवर गेली तर तिची आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे मिठाच्या मर्यादेखाली. हे गणित आजोबांनी मांडले नसेल, पण खुंटी कुठे ठोकायची हे त्यांना ठाऊक होते. वर्गात हा प्रयोग खिळ्यांवर करता येतो. मिठाच्या पाण्यात बुडवून काढलेले तीन खिळे घ्या. एक सुती कापडात गुंडाळा, एक ओलसर स्पंजासह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, तिसरा धुऊन, पुसून, तेल लावून ठेवा. आठवड्याने पाहा. (बंदूक मात्र शाळेत आणू नये. ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो.)

गंज काढण्याआधी मी मित्राला एक गोष्ट करायला लावली. केप नाही याची खात्री करून, नळीचे तोंड सर्वांपासून दूर ठेवून, गज हळूच आत सोडला आणि तोंडाशी खूण केली. मग तो बाहेर काढून नळीला बाहेरून लावला. गजाचे टोक कानापासून चार बोटे अलीकडेच थांबले. आत बार ठासलेला होता! तो कुणी आणि कधी भरला हे घरात कोणालाच माहीत नव्हते, आणि त्याच बंदुकीची आदल्या महिन्यात पूजा झाली होती. जुनी दारू निकामी होते असा समज आहे. कोरडी राहिली तर ती शतकभरही जिवंत राहते. २००८ मध्ये व्हर्जिनियात यादवी युद्धातील तोफगोळा साफ करताना एक संग्राहक मृत्युमुखी पडला. तो गोळा १४० वर्षांहून जुना होता.

बंदूक परवानाधारक कारागिराकडे गेली आणि बार निघाला. नळी आतून इतकी खड्ड्याखड्ड्यांची झाली होती, की पुन्हा बार भरू नका, असे त्याने बजावले. मित्राच्या आईंनी मांजरपाटाची नवी गवसणी शिवली आहे. ती नेण्या-आणण्यापुरती. एरवी बंदूक कुलपाच्या लाकडी कपाटात, उघडीच असते.