जित्याची खोड आणि इंदूरची दिवाळी

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. घरातील वडीलधारी मंडळी ती उच्चारतात आणि विषय तेथेच संपवितात. एक माणूस बदलत नाही, तेथे अवघे गाव कसे बदलणार, असा तिचा रोख असतो. श्रोतेहो, या म्हणीची परीक्षा पाहावयाची तर आपणांस इंदूरला, पलासियात जावे लागेल.

पलासिया हा इंदुरातील गजबजलेला भाग. जुन्या आग्रा-मुंबई रस्त्यावरचा त्याचा चौक साऱ्या शहरास ठाऊक आहे आणि नव्या पलासियातील ‘छप्पन दुकान’ ही खाद्यपदार्थांची ओळ तर खवय्यांची पंढरीच. येथे सकाळी नगरपालिकेची गाडी गाणे वाजवीत येते आणि घराघरांतून माणसे डबे घेऊन बाहेर पडतात. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. कोणी दटावीत नाही, कोणी उपदेश करीत नाही. छप्पन दुकानांवर पोहे खाणारा पाहुणाही रिकामी बशी हातात धरून डबा शोधू लागतो. हेच इंदूर २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात ७३ शहरांमध्ये २५ वे होते. २०१७ साली ते पहिले आले आणि २०२३ पर्यंत सलग सात वेळा पहिले राहिले. सातव्या वेळी सुरत त्याच्या जोडीस होते. लक्षावधी लोकांची खोड इतक्या थोड्या काळात कशी गेली? तिचे उत्तर शोधताना शंभर वर्षे मागे जावे लागते.

प्रथम पुण्याची आठवण करू या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या आरंभी त्याने पुण्यास ग्रासले. रोग हटवावयाचा म्हणून सरकारने रँड यांच्या हाती अधिकार दिले. गोरे सोजीर घराघरांत शिरले, सामानसुमान बाहेर आले, देवघर आणि माजघर यांचा विधिनिषेध राहिला नाही. घर स्वच्छ करणे हे आपल्या हिताचे आहे, हे लोकांस पटण्याऐवजी स्वच्छता हाच एक जुलूम आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. लोक आजारी माणसे लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी काय केले, ते सर्वश्रुत आहे.

त्यानंतर वीस वर्षांनी, १९१७ साली, तोच प्लेग इंदूरच्या होळकरी राज्यात ठाण मांडून होता. तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या दरबाराने शहराची पाहणी करण्यासाठी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडितास बोलाविले होते. मूळचे ते जीवशास्त्रज्ञ. पुढे नगररचनेकडे वळलेले. नकाशे घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा हा दाढीवाला साहेब पाहून लोक घाबरले. हा आपली घरे पाडणार, हाच रोगराई आणणार, अशी कुजबूज सुरू झाली. साहेब रागावले नाहीत. मला एका दिवसापुरते महाराज करा, अशी मागणी त्यांनी दरबाराकडे केली, असे सांगतात.

त्यांनी निवडलेला दिवस दिवाळीचा होता, आणि यातच त्यांचे शहाणपण दिसते. दिवाळीपूर्वी घर झाडणे, सारवणे, रंग देणे ही आपली जुनीच रीत. नवी सवय लावण्यासाठी त्यांनी नवा दिवस शोधला नाही; जुन्या सवयीलाच नवे काम दिले. त्यांनी जाहीर केले की, यंदा दिवाळीची मिरवणूक निघेल, पण ती नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावरील लोक आपली घरे अधिकांत अधिक स्वच्छ करतील, त्या रस्त्याने ती जाईल. घरातील अडगळ उचलून नेण्याची सोयही करण्यात आली. मग काय विचारता! आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून आळीआळीत चढाओढ लागली. जे काम पुण्यात बंदुकीने साधले नाही, ते इंदुरात झाडूने केले, आणि तो झाडू लोकांच्याच हातात होता.

त्या मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, वाद्ये होती, अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा भला थोरला उंदीर होता. परंतु सर्वांत महत्त्वाचे दृश्य वेगळेच होते. शहरातील सफाई कामगार धुतलेली स्वच्छ वस्त्रे लेऊन, फुलांनी सजून, मानाने मिरवणुकीत चालत होते. ज्यांची सावलीही लोक टाळीत, त्यांना त्या दिवशी नगराने रस्त्याच्या मध्यभागी स्थान दिले. अखेरीस राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. गेडिस यांचा इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. नगररचनेचे अभ्यासक तो आजही वाचतात.

मात्र मिरवणूक ही एका दिवसाची. उत्साहाने सवयीचा आरंभ होतो, ती टिकण्यास नित्यक्रम लागतो. हा दुसरा धडाही इंदुरातच गिरविला गेला. १९२४ साली येथे वनस्पती-उद्योग संस्था निघाली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांपासून खत करण्याची पद्धत बसविली. १९३१ साली त्यांनी तिच्यावर ग्रंथ लिहिला आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेले. या पद्धतीत गूढ काही नाही. थर नीट रचावेत, ओल राखावी, ठरल्या दिवशी खड्डा पालटावा. असे तीनदा पालटले की सुमारे तीन महिन्यांत खत तयार. घाई उपयोगी नाही आणि आळसही नाही. पुढे १९३४ साली जॅक्सन आणि वाड यांनी हीच पद्धत मनुष्यवस्तीतील कचऱ्यास आणि मैल्यास लावून दाखविली. जे फेकावयाचे, ते मोलाचे आहे, हे एकदा दिसले की फेकणारा हात आपोआप थबकतो.

मानसशास्त्रही याहून निराळे सांगत नाही. अमेरिकन पंडित विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात सवयीवर एक प्रकरण लिहिले. आरंभ दणक्यात करा आणि सवय मुरेपर्यंत अपवाद होऊ देऊ नका, असा त्यांचा सल्ला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनी अलीकडे या गोष्टीचे मोजमाप केले. एखादी कृती अंगवळणी पडावयास मध्यम मानाने ६६ दिवस लागले. कोणास १८, तर कोणास २५४ लागतील असा त्यांचा हिशेब निघाला. दिलाशाची बाब ही की, एखादा दिवस चुकल्याने सारे मुसळ केरात जात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे, एवढेच.

आता २०१५ ते २०१७ च्या इंदूरकडे पाहा. घरोघरी गाडी पाठविण्याचा प्रयोग आधी थोड्या वॉर्डांत झाला, मग साऱ्या शहरात. गाडी रोज ठरल्या वेळी येऊ लागली, म्हणून लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला. रस्त्यावरच्या मोठ्या कचराकुंड्या उचलून टाकल्या, म्हणजे जुन्या खोडीला बसावयास जागाच उरली नाही. दंडही होता, परंतु सोय आधी आली आणि दंड मागाहून. देवगुराडिया येथील कचऱ्याचे जुने डोंगर हटविण्यात आले आणि १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. वाडांच्या खड्ड्याचेच हे नातवंड म्हणावयास हवे.

येथे थांबलो असतो तर ही कथा गोड झाली असती. परंतु २०२५ च्या डिसेंबर अखेरीस याच शहरातील भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. शेकडो लोक आजारी पडले, कित्येकांनी प्राण गमावले. देशातील सर्वांत स्वच्छ म्हणून गाजलेल्या शहरात असे का व्हावे? माझ्या मते याचे कारण असे की, सवय कृतीची लागते, सद्गुणाची लागत नाही. कचरा रोज डोळ्यांपुढे येतो, म्हणून त्याची सवय लागली. जमिनीखालची नळवाहिनी कोणास दिसत नाही. तिची नित्य तपासणी ही कोणाची सवय झालीच नाही. एका गोष्टीतील शिस्त दुसरीत आपोआप उतरत नाही. ती तेथे निराळी रुजवावी लागते, तीही खांदणाऱ्याने खांदावे आणि पाहणाऱ्याने रोज पाहावे, अशा रीतीने. गेडिस यांच्या अहवालात घरांबरोबर पाण्याचा आणि सांडपाण्याचाही विचार होता, हे येथे स्मरावे.

तेव्हा, श्रोतेहो, म्हणीचे काय? जित्याची खोड जाते. मात्र तिला घालवू म्हटल्याने जात नाही. तिच्या जागी दुसरे काम ठेवावे लागते, ते सोपे करावे लागते, ते करणाऱ्याचा मान राखावा लागतो, आणि ठरल्या वेळेला ते रोज करावे लागते. शहराचे तेच घराचे आणि घराचे तेच आपले. उद्या सकाळी पलासियात गाडीचे गाणे वाजेल, तेव्हा शेकडो डबे बाहेर येतील. त्याच वेळी कोणीतरी नळाखाली पेला धरून पाणी उजेडात पाहील, तर शंभर वर्षांपूर्वीची ती मिरवणूक आणखी एक आळी पुढे सरकली, असे म्हणता येईल.