शालेय आरोग्यकेंद्रे, अमेरिकेतील

शाळेच्या इमारतीत किंवा आवारात चालणारे, विद्यार्थ्यांवर प्रत्यक्ष उपचार करणारे दवाखाने. शाळेच्या परिचारिकेकडे जखम बांधली जाते, ताप पाहिला जातो, घरी निरोप जातो. केंद्रात मात्र आजाराचे निदान होते, औषध लिहून मिळते, लस टोचली जाते, समुपदेशन होते. काही ठिकाणी दातही तपासतात. जागा शाळेची असते, पण केंद्र चालवणारी संस्था बहुधा वेगळी असते : सामुदायिक आरोग्यकेंद्र, रुग्णालय किंवा स्थानिक आरोग्य विभाग.

न्यूयॉर्कच्या शाळांत १९०२ साली लीना रॉजर्स ही पहिली परिचारिका आली. संसर्गजन्य रोग आढळला की मुलांना घरी धाडत. तिथे उपचार नसल्याने ती घरीच राहत. हे तिने बरेच थांबवले. पूर्ण दवाखाना शाळेत येण्यास मात्र १९६७ उजाडले. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे फिलिप पोर्टर या बालरोगतज्ज्ञांनी प्राथमिक शाळेत प्रगत प्रशिक्षित परिचारिका नेमून उपचारांची सोय केली. १९७० मध्ये डॅलस येथे माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी असे केंद्र निघाले.

सर्वांत बोधप्रद इतिहास मिनेसोटातील सेंट पॉलचा. तेथील मेकॅनिक आर्ट्‌स हायस्कूलमध्ये १९७३ साली उघडलेल्या केंद्राचा भर गर्भनिदान, प्रसूतिपूर्व तपासणी, लैंगिक रोग व कुटुंबनियोजनावर होता. मुले फिरकेनात. तिथे पाऊल टाकणाऱ्या मुलीविषयी साऱ्या शाळेत कुजबुज होणार, हे उघडच होते. पुढे खेळाडूंची तपासणी, लसीकरण, वजनाच्या तक्रारी अशा साध्या सेवा जोडल्या आणि वर्दळ वाढली. आत कोण कशासाठी गेले, हे बाहेरून कळेनासे झाले. या केंद्रांमुळे किशोरवयीन मातांचे प्रमाण घटल्याचा गवगवा झाला. १९९३ सालच्या फेरतपासणीत तो दावा टिकला नाही. तरी सर्वसाधारण सेवांच्या आडोशाने नाजूक सेवा देण्याची रीत देशभर रुजली.

रॉबर्ट वुड जॉन्सन प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९८० च्या दशकाअखेर या केंद्रांचा प्रसार झाला. २०१० च्या आरोग्यविमा सुधारणा कायद्याने बांधकाम व साधनांसाठी २० कोटी डॉलर दिले. २०१६-१७ च्या गणनेत सुमारे २,६०० केंद्रे होती, २०२१-२२ मध्ये सुमारे ३,९००. देशातील शाळांची संख्या लाखाच्या घरात असल्याने ही वाढ थोडीच म्हणायची.

किशोरांच्या वाटेतला अडसर केवळ पैशाचा नसतो. आईबापांना कामावरून सुट्टी मिळत नाही, मुलाचा तास बुडतो आणि मनातले घरच्यांसमोर बोलता येत नाही. पहिल्या दोन अडचणी केंद्र सहज सोडवते, तिसरी अवघड. पालक सहसा वर्षारंभी संमतिपत्र भरून देतात. काही सेवा अल्पवयीनांना स्वतःच्या संमतीने मिळतात, पण कोणत्या, हे राज्यागणिक बदलते. शिवाय विमा कंपनीचे खर्चाचे पत्रक घरच्या पत्त्यावर गेले की गुपित फुटतेच. गर्भनिरोधकांवरून वाद झाल्याने अनेक केंद्रांना ती शाळेत देण्यास मनाई आहे. उन्हाळी सुट्टीत बरीच केंद्रे बंद असतात.

भारतात रचना उलटी आहे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरते पथक शाळेत येऊन तपासते आणि गरज पडल्यास पुढे पाठवते. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली १० ते १९ वयोगटाची केंद्रे (महाराष्ट्रात ‘मैत्री’) सरकारी रुग्णालयांत असतात; तिथे मुलांनीच जायचे. गोपनीयतेलाही येथे कायद्याची मर्यादा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराखालील व्यक्तीशी लैंगिक संबंधाची माहिती मिळाल्यास डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास त्या माहितीत तिचे नाव न देण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिली.