टाचेतील रक्ताचा थेंब

मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, गेलेला मराठी माणूस टी. नगरला जाऊन आल्यावाचून सहसा परतत नाही. कांजीवरमच्या साड्या, सराफी पेढ्या आणि रंगनाथन रस्त्यावरची खांद्याला खांदा घासणारी गर्दी, एवढाच त्या वस्तीचा परिचय घेऊन तो गाडीत बसतो. नावातला ‘टी’ म्हणजे जस्टिस पक्षाचे पुढारी सर पिट्टी त्यागराय चेट्टी, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आणि १९२० नंतर ही वस्ती वसली ती मांबलमच्या मोठ्या तळ्याच्या काठी व पुढे त्याच्या पोटातच, हे तर त्याहूनही थोड्यांना.

तळे आटवले, तरी पाण्याने शहराचा पिच्छा सोडला नाही. विहिरींत आणि गच्चीवरच्या टाक्यांत वाढणाऱ्या डासांनी चेन्नईत हिवताप दीर्घकाळ टिकवून धरला. गरोदर स्त्रीचा हिवताप क्वचित तिच्या अर्भकालाही उदरातच मिळतो. पण तो लपून राहत नाही. मूल काही दिवसांत वा आठवड्यांत तापाने फणफणते आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतात. मला आज सांगावयाचे आहे ते दुसऱ्याच एका परोपजीवी जंतूविषयी. तो असा गाजावाजा करीत नाही.

त्याचे नाव टॉक्सोप्लाझ्मा. १९०८ साली ट्यूनिस येथे निकोल आणि मांसो यांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात आढळला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोरे यांना सशात. आकार धनुष्यासारखा वाकलेला, म्हणून ग्रीक भाषेतील धनुष्याचे नाव त्याला मिळाले. माणसाशी त्याचा संबंध लक्षात येण्यास बराच काळ जावा लागला. १९२३ साली प्रागचे नेत्रवैद्य यांकू यांनी मेंदूत पाणी साठून दगावलेल्या एका बालकाच्या दृष्टिपटलात या जंतूच्या गाठी पाहिल्या. पुढे १९३८ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या बालरुग्णालयात एक मुलगी जन्मली. तिसऱ्या दिवशी तिला झटके येऊ लागले, आणि महिनाभरात ती गेली. वुल्फ, कोवेन आणि पेज यांनी तिच्या मेंदूतील अंश ससे व उंदीर यांना टोचून जंतू वाढवून दाखविला. हा रोग आईच्या उदरातच लागतो, ही गोष्ट त्या एका महिन्याच्या आयुष्याने सिद्ध केली.

मृत्यूनंतर निदान झाले तर त्याचा मुलाला काय उपयोग? जिवंतपणी ओळख पटविण्याची रीत १९४८ साली सेबिन आणि फेल्डमन यांनी दिली. हे सेबिन म्हणजे पुढे पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या लशीमुळे घरोघर पोहोचलेले तेच. जिवंत जंतूंवर निळा रंग घातला की ते तो शोषून घेतात. पण ज्याला हा संसर्ग होऊन गेला आहे अशा माणसाचा रक्तद्रव त्यांत मिसळला, तर ते रंग घेत नाहीत. जंतू माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोडे मात्र १९७० पर्यंत पुरते उलगडले नव्हते. मांजराच्या विष्ठेतून त्याची बीजे माती व पाण्यात जातात, हे दाखविणाऱ्यांत भारतात पशुवैद्यक शिकून परदेशी गेलेले जे. पी. दुबे हेही होते. कच्चे वा अर्धवट शिजलेले मांस हा दुसरा मार्ग.

गर्भवतीला याचा संसर्ग प्रथमच झाला, तर वारेतून तो मुलाकडे जाऊ शकतो. तिला मात्र बहुधा काहीच जाणवत नाही, आणि मूलही जन्मताना बहुधा गुटगुटीत दिसते. ऑस्ट्रियाने १९७५ पासून गर्भवतींचे रक्त पुनःपुन्हा तपासण्यास आरंभ केला, फ्रान्सनेही तोच मार्ग धरला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८६ साली निराळी वाट काढली. गथ्री यांच्या पद्धतीप्रमाणे तेथे प्रत्येक नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताचे थेंब टिपकागदावर आधीपासूनच घेतले जात होते. त्याच कागदावर हीही परीक्षा करावयाची. यातील खुबी अशी : आईच्या रक्तातील जुने, ‘जी’ जातीचे प्रतिपिंड वारेतून बाळाकडे जातातच, त्यावरून काही ठरत नाही. ‘एम’ जातीचे मोठे प्रतिपिंड वार ओलांडू शकत नाहीत. ते बाळाच्या रक्तात आढळले, तर ते बाळाने स्वतःच निर्माण केले असले पाहिजेत.

१९९४ साली प्रसिद्ध झालेला त्या कार्याचा वृत्तांत वाचण्याजोगा आहे. सुमारे ६,३५,००० बालके तपासली, त्यांत ५२ जणांचा रोग निश्चित झाला. या ५२ पैकी ५० जणांविषयी जन्मवेळच्या तपासणीत कोणालाही शंका आली नव्हती! पुन्हा बारकाईने पाहिले तेव्हा ४८ पैकी १९ मुलांच्या मेंदूत वा दृष्टिपटलात व्रण सापडले. मग वर्षभर औषध. तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डेन्मार्कने १९९९ साली अशीच तपासणी देशभर सुरू केली आणि २००७ साली ती थांबविली, कारण औषधाने डोळे खरोखर वाचतात याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

आपल्याकडे काय? देशभरच्या पाहणीत या जंतूच्या खुणा उत्तरेपेक्षा दक्षिणेत अधिक आढळल्या आहेत. तरीही गर्भवतीच्या नशिबी बहुधा येते ती ‘टॉर्च’ नावाची चाचणी, मुंबई-पुण्यात आणि टी. नगरातही. एक गर्भपात झाला की चिठ्ठीवर ती लिहिली जाते. ‘जी’ प्रतिपिंड आढळले की घरात रडारड सुरू होते. वास्तविक ते जुन्या संसर्गाचे चिन्ह. पुढच्या गर्भाला बहुधा त्याचे संरक्षणच असते. निष्कारण औषधे घेतलेल्या आणि त्याहून निष्कारण सासरची बोलणी खाल्लेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. चुकीच्या व्यक्तीला, चुकीच्या वेळी विचारलेला हा प्रश्न आहे, असे माझे मत आहे. गोव्याने २००८ साली नवजातांची तपासणी राज्यभर आरंभिली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबई आणि चेन्नईसह पाच शहरांत लाखावर अर्भके तपासली, पण ती कंठग्रंथी व अधिवृक्क ग्रंथी यांच्या जन्मजात विकारांसाठी. या जंतूचा रकाना त्या कागदावर नव्हता.

त्याची उणीव भासते ती नेत्रवैद्याच्या खोलीत. टी. नगरच्या शेजारीच, नुंगमबाक्कमला, १९७८ साली डॉ. बद्रीनाथ यांनी स्थापिलेले शंकर नेत्रालय आहे. अशा रुग्णालयांत विशी-पंचविशीचे तरुण डोळ्यात अंधुक डाग घेऊन येतात आणि पडद्यावर जुना व्रण दिसतो. तो जन्माचा की नंतरचा? २००४ नंतर कोइमतूर येथे थोड्या काळात दोनशेंहून अधिक लोकांच्या डोळ्यांना हाच विकार जडला आणि संशय नळाच्या पाण्यावर गेला. तेव्हा प्रत्येक व्रण जन्मजात मानण्याची सोयही उरली नाही. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या रुग्णांचे डोळे कसे होते, हे आपण वाचू शकतो. टी. नगरात वीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या मुलाच्या पहिल्या आठवड्यातील रक्तात काय होते, हे मात्र त्याच्या आईलाही सांगता येत नाही.