कोंबडी लंगडली तेव्हा...

परवा सोलापूरला आत्याकडे गेलो होतो. कारखान्यातून स्वस्तात आलेला एक निळा ड्रम तिने सोड्याने घासून उन्हात वाळत ठेवला होता. म्हणाली, "घाण्यावरचं करडईचं तेल वर्षाचं यातच भरून ठेवते." मी म्हटलं, आत्या, झाडांचं पाणी भर, पण तेल नको. आधी त्यात काय होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "अरे, वाससुद्धा येत नाही!" हे तिचं उत्तर. तिथे जेवणाची पानं मांडलेली, म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता सविस्तर लिहितोय. आत्या, वाचशीलच.

ट्रायऑर्थोक्रेसिल फॉस्फेट. नाव लांबलचक, म्हणून टीओसीपी म्हणू. प्लॅस्टिक आणि लॅकर मऊ, लवचिक राहावं म्हणून हे तेलकट रसायन वापरलं जाई. रंग जवळपास नाही, वास नाही म्हणावा असाच. पाण्यात विरघळत नाही, तेलात मात्र सहज मिसळतं.

याची पहिली मोठी कहाणी अमेरिकेतली. दारूबंदीच्या काळात तिकडे आल्याचा अर्क 'औषध' म्हणून मिळे, त्यात भरपूर अल्कोहोल. अर्क पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात आल्याचा घन अंश अमुक इतका हवाच, असा सरकारी नियम होता. तपासनीस अर्क उकळून उरलेला गाळ वजन करत. बनवणाऱ्यांनी मग आल्याऐवजी दुसरं काहीतरी घालून ते वजन भरलं, आणि 1930 मध्ये बॉस्टनच्या दोघांनी त्यासाठी हेच रसायन निवडलं. हजारो माणसांचे पाय लुळे पडले. बहुतेक गरीब. म्हणून त्यांची कीव करण्याऐवजी त्यांच्या चालीवर गाणी निघाली!

सरकारी शास्त्रज्ञ मॉरिस स्मिथ यांनी तेव्हा प्राण्यांवर प्रयोग केले. माकडं आणि कुत्री तोंडावाटे ते पचवून मोकळी. ज्या प्राण्यांवर आपण माणसासारखा भरवसा ठेवतो, तेच इथे फसवे निघाले. कोंबडी मात्र लंगडली. तीही लगेच नाही बरं का! सुरुवातीला ठणठणीत, आणि साधारण आठ ते चौदा दिवसांनी पायातलं बळ गेलं. माणसातही असंच होतं. म्हणून लोकांना कधी काय खाल्लं, प्यायलं ते आठवतच नाही.

पुढे इंग्लंडमध्ये मार्टिन जॉन्सन यांनी 1960 च्या दशकाअखेरीस शोधलं की हे विष मज्जातंतूंमधल्या एका विशिष्ट एन्झाइमला कायमचं चिकटतं. मग तंतू टोकाकडून झिजत येतात. सर्वांत लांब तंतू पायांचे, म्हणून पाय आधी जातात. गंमत म्हणजे कोवळी पिल्लं यातून सुटतात. म्हणून चाचणीसाठी आजही मोठी, आठेक महिन्यांवरची कोंबडीच घेतात आणि एकवीस दिवस तिची चाल पाहतात.

आपल्याकडचं काय? 1960 मध्ये मुंबईत असेच लुळे पडलेले रुग्ण दिसले. दाराब दस्तूर आणि सहकाऱ्यांनी ऑर्थोक्रेसिल फॉस्फेटच्या विषबाधेवरचा लेख 1962 मध्ये इंग्लंडच्या नियतकालिकात छापला. मुंबईतल्या त्या रुग्णांच्या आदल्याच वर्षी, म्हणजे 1959 मध्ये, मोरोक्कोतल्या मेकनेस शहरात खाण्याच्या तेलात विमानाचं वंगणतेल मिसळून सुमारे दहा हजार लोक लुळे झाले होते. आणि 1988 मध्ये कोलकात्याच्या बेहाला भागात रेशनच्या तेलातून पुन्हा हेच. शेकडो माणसं.

तीनही खंडांतल्या या गोष्टींत तेल किंवा अर्क आधी चाखून, हुंगून पाहणारे लोक नक्कीच असतील. जिभेला काही कळलं नाही आणि नाकालाही नाही. मला राग येतो तो भेसळ करणाऱ्यांचा, पण त्याहून जास्त त्या 'वास येत नाही ना' या आपल्या निर्धास्तपणाचा. माझाही असतोच की!

रात्री आत्याचा फोन आला होता. ड्रम अंगणात जास्वंदीपाशी ठेवलाय म्हणे. तेलासाठी स्टीलचे दोन नवे डबे आणायचे आहेत, पैसे कोण देणार, तेवढं विचारून ठेवलंय.